पाठीला बाक आहे, आणि तो लपवण्यातच दिवस जातो

प्रश्न (थोडक्यात): मी कोल्हापूरची, वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. १३व्या वर्षी स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं) असल्याचं कळलं, तीन वर्षं ब्रेस (धडाभोवती घालायचा प्लास्टिकचा आधार) घातला. आता वाढ थांबली आहे. बाक ३८ अंश आहे आणि डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनची गरज नाही. दुखतही फारसं नाही. पण मी सगळ्यांपेक्षा वेगळी आहे हे डोक्यातून जातच नाही. कॉलेजात मागच्या रांगेत बसते, केस कायम मोकळे सोडते. मामेबहिणीचं लग्न जवळ आलंय, सगळ्या साड्या नेसणार आहेत, पण मला ब्लाऊज शिवायला जायचंच नाही. आई म्हणते, देवानं दिलंय ते मान्य कर. मैत्रीण म्हणते, काही दिसत नाही गं. ऑपरेशन करून घेतलं तर हे वाटणं जाईल का? पुढं लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का? आणि धाकटी बहीण ११ वर्षांची आहे, तिलाही होईल का?

उत्तर:

तुझ्या मैत्रिणीपासून सुरुवात करते. 'काही दिसत नाही गं' हे ती मायेनं म्हणते, पण ते खरं नाही आणि हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून त्यानं तुला बरं वाटत नाही. मी तुला पाहिलेलं नाही, पण वाढीच्या वयात छातीच्या भागात येणारा बाक बहुतेकांत उजवीकडे असतो. त्यात मणके बाजूला झुकतात आणि स्वतःभोवती पिळलेही जातात, त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात. त्यामुळे उजव्या खांद्याचं पातं मागं उठून दिसतं, एक खांदा उंच वाटतो, कमरेची एक बाजू खोल जाते आणि दुसरी सरळसोट राहते. कुर्त्याची कड एकीकडे वर चढते. पर्सचा पट्टा एका खांद्यावर टिकतच नाही. यातलं काही ना काही तू रोज आरशात बघत असणार. ३८ अंश ही एक्स-रेवर मोजलेली गोष्ट आहे. तेव्हा 'मी वेगळी नाही' असं स्वतःला पटवत बसायची काही गरज नाही, ते पटणारही नाही.

मी इथं कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते. हाडांच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून बरीच मुलंमुली माझ्याकडं येतात. त्यांच्याकडं बघून माझं एक मत पक्कं झालंय: वेगळं असण्यानं माणूस जेवढा दमतो, त्याच्या कितीतरी पट ते लपवण्यानं दमतो. म्हणून मी तुला वेगळेपणाची भावना घालवायला सांगणार नाही. लपवण्यात तुझा रोजचा किती दिवस जातो ते आधी मोज, असं सांगेन.

तू दोनच गोष्टी लिहिल्यास, मागची रांग आणि मोकळे केस. माझ्या खुर्चीसमोर बसलेल्या मुली जरा रुळल्या की मोठी यादी सांगतात. केएमटीच्या बसमध्ये जागा असली तरी पाठ टेकवून उभं राहायचं. अंबाबाईच्या रांगेत सगळ्यांना पुढं जाऊ द्यायचं आणि आपण शेवटी राहायचं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी घट्ट. उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट. ग्रुप फोटोत कडेला, तेही अंग तिरकं करून. दाराबाहेर पडताना दुसऱ्यांना 'तू हो पुढं'. खाली पडलेलं पेन कुणाच्या देखत वाकून उचलायचं नाही. आणि फोटो स्टुडिओ! पासपोर्ट फोटो काढणारा अगदी सहज म्हणतो, 'ताई, उजवा खांदा जरा खाली घ्या.' तो खांदा खाली येत नसतो. तो परत म्हणतो, 'अजून जरा.' मागं रांगेतले दोघं बघत असतात. या एका वाक्यामुळं स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा राहिलेली मुलगी मी पाहिली आहे. घरच्यांना वाटत होतं, हिला अभ्यासच करायचा नाही.

लपवण्याचा खरा घोटाळा असा की त्याचं श्रेय त्यालाच मिळत राहतं. केस मोकळे सोडून गेलीस आणि कुणी काही बोललं नाही, की मन म्हणतं, केस होते म्हणून वाचलीस. केस बांधले असते तरी कदाचित कुणी काही बोललं नसतं, हे तपासायची संधीच येत नाही. त्यामुळं भीती आहे तिथंच राहते आणि बंदोबस्त वाढत जातो. शिवाय वर्गात बसल्यावर अर्धं लक्ष फळ्याकडं आणि अर्धं स्वतःच्या पाठीकडं. दिवसभर खांदा दाबून धरल्यानं संध्याकाळी मान आखडते ती वेगळीच. आणखी एक गोष्ट सांगते. बाक किती अंशांचा आहे यावरून मनाचा त्रास किती असेल हे ठरत नाही. २० अंशांची मुलगी घराबाहेर पडणं टाळते आणि ५०च्या पुढची मुलगी गॅदरिंगमध्ये नाचते, दोन्ही मी पाहिलंय.

तर करायचं काय? एक वही घे आणि लपवण्यासाठी जे जे करतेस ते लिहून काढ, अगदी बारीकसारीक. मग त्यातलं जे सोडायला सगळ्यात सोपं वाटेल तिथून सुरुवात कर. उदाहरणार्थ, आधी मागच्या रांगेतून मधल्या रांगेत. ते अंगवळणी पडलं की ओढणीची एक पिन कमी. मग वेणी घालून संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी. रविवारी महाद्वार रोडवर केस वर बांधून खरेदी, हे बरंच नंतर. प्रत्येक वेळी निघण्याआधी दोन ओळी लिही: माझ्या मते काय होईल? किती जण बघतील, काय म्हणतील? परत आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिही. यात एक नियम पाळ. जीव घाबरा झाला की लगेच घरी पळायचं नाही. भीती चढते, काही वेळ टिकते आणि तू काहीच केलं नाहीस तरी उतरायला लागते. ती उतरायला लागली की मग नीघ. टोकावर असताना पळून आलीस तर शरीर तेवढंच शिकतं की पळाल्यामुळं जीव वाचला. आणि एकेक पायरी एकदा करून सोडू नको, कंटाळा येईपर्यंत कर. कंटाळा आला म्हणजे ती पायरी झाली.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर एक गमतीशीर प्रयोग झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आलं ते जेमतेम एक चतुर्थांश. प्रयोग चांगला आहे, पण त्याच्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, कारण त्या चतुर्थांशाचं काय करायचं ते तो सांगत नाही. आणि आपल्याकडं लग्नात, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला तो चतुर्थांश नेमका आपल्याच शेजारी येऊन बसतो. 'काय गं, अशी तिरकी का उभारलीस?' 'सरळ उभार की जरा!' 'स्थळं बघताना अवघड होणार बघ.' हे तू ऐकलेलं असणार आणि पुढंही ऐकशील. म्हणून वहीत तिसरा रकाना ठेव: बघितल्यावर, बोलल्यावर पुढं काय झालं? बहुतेक वेळा काकी एक वाक्य बोलतात, एक सुस्कारा सोडतात आणि जिलेबीकडं वळतात.

उत्तरं आधीच तयार ठेव, म्हणजे ऐनवेळी घशाला कोरड पडत नाही. दोन वाक्यं पुरेत: एकात माहिती, दुसऱ्यानं विषय बंद. 'मणक्याला बाक आहे काकी, डॉक्टरांचं लक्ष आहे. तुमचा गुडघा काय म्हणतोय?' गुडघ्याचं विचारलं की पुढची दहा मिनिटं तुला बोलावंच लागत नाही. वर्गातल्यांसाठी जरा वेगळं: 'स्कोलिओसिस आहे, आठवीत कळलं, आता स्थिर आहे.' कुणी मालीश, हाडवैद्य किंवा रोज बारला लोंबकळणं सुचवलं तर 'विचारते डॉक्टरांना' म्हणून सोडून दे. वाद घालू नको आणि कुणाला पाठ ओढू-दाबू देऊ नको. सगळ्यांना सगळं सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. पण जवळच्या दोन-तीन माणसांना तू स्वतःहून, तुझ्या शब्दांत एकदा सांगून टाक. त्या 'काही दिसत नाही'वाल्या मैत्रिणीलाही सांग की मला दिसतं, आणि तू नाही म्हणालीस की मला त्यावर बोलता येत नाही.

आता ब्रेसबद्दल. तू त्याविषयी एकच वाक्य लिहिलंस, पण वेगळेपणाची सुरुवात बाकापेक्षा ब्रेसपासून झाल्याचं मला बऱ्याच मुली सांगतात. कुणी मिठी मारली की हाताला प्लास्टिक लागतं. मुलं गंमत म्हणून टकटक करतात. पीटीच्या तासाला बाई म्हणतात, तू बस. एप्रिलच्या उकाड्यात आतल्या बनियनला घामाचे डाग पडतात आणि कमरेला चट्टे उठतात. त्यातून एक अपराधीपण उरतं: मी जास्त तास घातला असता तर बाक इतका राहिला नसता. ते तुझ्या मनात असेल तर हे वाच. अमेरिका आणि कॅनडातला ब्रेसवरचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या खाली राहिला तर त्यांनी उपचार यशस्वी मानला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के त्यात बसले, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. तू ३८ वर थांबलीस. त्यांच्या हिशोबानं तुझा उपचार यशस्वी झाला आहे. हे तुला कुणी सांगितलंय का? बहुधा नाही, कारण घरात सगळे बाक शून्य होईल या आशेवर होते. ब्रेसचं काम बाक वाढू न देण्याचं असतं, असलेला काढायचं नसतं.

अंशांच्या आकड्याशी जरा अंतर ठेव. एक्स-रेवर रेघा मारून हा कोन मोजायची पद्धत १९४८ पासून चालत आलेली आहे आणि तिच्यात साधारण ५ अंशांचा फरक मोजण्यातच पडू शकतो. गेल्या वेळी ३६ होता, आता ३८ झाला म्हणून रात्रभर रडलेल्या मुली मला माहीत आहेत. तो फरक रेघ मारणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. आणि एक्स-रे फॅमिली ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. तुमच्या घरी टाकला नसेल तर उत्तमच, पण बहुतेक घरांत टाकलेला असतो आणि पुण्याच्या मावशीपासून दुबईच्या दाजींपर्यंत सगळ्यांनी त्यावर मत दिलेलं असतं. काळ्या फिल्मवरचा कणा बघणाऱ्याला अंगावर दिसतो त्याहून भयंकर वाटतो.

आरशाचंही तसंच. काटरिना श्रोट नावाच्या जर्मन बाईंना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. त्यांनी १९२०च्या दशकात जी व्यायामपद्धत बसवली ती आजही फिजिओथेरपीत शिकवतात, आणि त्यात आरसा हे मुख्य साधन आहे. मुलगी आरशासमोर उभी राहते, दबलेल्या बाजूत श्वास भरते, खांदा कुठं जातो ते बघते आणि दुरुस्त करते. तिथं आरशाला काम नेमून दिलेलं असतं. न्हाणीघरातून आल्यावर मान मुरगाळून आपलंच खांद्याचं पातं बघत राहण्यात काहीच काम नसतं, तिथं फक्त निकाल लागतो. व्यायामाच्या वेळी आरसा हवा तेवढा बघ. एरवी तयार होताना दोन हात लांबून, डोक्यापासून पायापर्यंत, एकदाच. 'आई, आज जास्त दिसतंय का गं?' हा प्रश्नही याच खात्यातला आहे. आई 'नाही' म्हणते, त्यावर तास-दोन तास बरं वाटतं आणि पुन्हा विचारावंसं वाटतं.

तुला कुणीतरी उसेन बोल्टचं उदाहरण पाठवलं असेल. त्याला स्कोलिओसिस आहे, ही गोष्ट खरी आहे. घरात आजोबा असतील तर अष्टावक्राची गोष्टही सांगून झाली असेल: त्याचं वाकडं शरीर बघून जनकाच्या दरबारात सगळे हसले आणि मग त्यानं त्यांना गप्प केलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ही दोन्ही उदाहरणं आवडत नाहीत. चौदा वर्षांच्या पोरीला त्या गोष्टीतलं एवढंच ऐकू येतं की सगळे हसले. आणि त्यातून निघणारा अर्थ तर फारच महाग पडतो: पाठ वाकडी असेल तर ब्रह्मज्ञानी हो, नाहीतर जगातला सगळ्यात वेगवान माणूस हो, मग चालेल. तुला बी.एस्सी.ला साठ टक्के पडले तरी मधल्या रांगेत बसायचा हक्क आहे. बाकाची भरपाई म्हणून पहिला नंबर काढणाऱ्या मुली येतात माझ्याकडं, त्या तर आणखी दमलेल्या असतात.

जाता जाता मुलांबद्दलही सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाचा तरी भाऊ असेल. मोठे बाक मुलींत कितीतरी जास्त दिसतात, म्हणून मुलांकडं लक्षच जात नाही. पण या गावात मुलाचं शरीर चारचौघांतच असतं. तालीम, पंचगंगेत पोहणं, फुटबॉलच्या मॅचनंतर भर मैदानात जर्सी बदलणं. ज्या मुलानं अचानक पोहायला जाणं सोडलं, त्याला आळशी म्हणण्याआधी त्याची पाठ बघा.

ब्लाऊजचं आता. शिंप्याकडं जायचं, आणि दुपारी दुकान रिकामं असताना जायचं. टेप हातात घेण्याआधीच सांग, 'माझी पाठ एका बाजूनं वर आहे, दोन्ही बाजूंची मापं वेगळी घ्या.' चांगला शिंपी यावर डोळेही वर करत नाही. कुणाचेच दोन खांदे अगदी सारखे नसतात, हे त्याच्या मापाच्या वहीत रोजच असतं. खांद्यापासून कमरेपर्यंतचं माप डावीकडं आणि उजवीकडं वेगळं घ्यायला लाव. पाठीचे दोन तुकडे वेगळे कापले, उठलेल्या बाजूला कापड थोडं जास्त सोडलं, की मध्ये जी आडवी चुणी पडते ती पडत नाही. खालच्या खांद्याला पातळ पॅड चालतं. पाठीवर उभ्या पट्ट्यांचं किंवा चौकड्यांचं कापड घेतलंस तर रेघ वाकलेली दिसेल, बुट्टीचं घेतलंस तर नाही. एक ट्रायल ठेवायला सांग आणि ट्रायलला साडीसारखाच पदर घेऊन बघ. पदर डाव्या खांद्यावर येतो, त्यामुळं उजवं पातं उघडं राहतं. म्हणून बऱ्याच मुली तो उजवीकडून पुढं ओढून घेतात.

हे सगळं लपवणंच झालं की, असं तू म्हणशील. फरक ओळखायला मी एक प्रश्न देते: हे नसतं तर मी गेले असते का? बुट्टीचं कापड मिळालं नाही तरी लग्नाला जाणारच असशील, तर ती आवडनिवड. पदर दोन्ही खांद्यांवरून घेता आला नाही म्हणून खोलीतच बसणार असशील, तर ते लपवणं. नीटनेटकं दिसावंसं सगळ्यांनाच वाटतं, त्यात तुला अपराधी वाटायचं काही कारण नाही.

ऑपरेशन. वाढ थांबल्यावर ३८ अंशांना सर्जन साधारणपणे ऑपरेशन सुचवत नाहीत. विचार सुरू होतो तो ४५ ते ५०च्या पुढं. त्यात मणक्यांना स्क्रू आणि सळ्या बसवतात आणि तेवढे मणके एकमेकांशी कायमचे जोडले जातात. बाक कमी होतो, उंचवटा कमी होतो, पाठीच्या मधोमध लांब व्रण राहतो आणि तेवढा भाग वाकत नाही. गरज असलेल्यांना त्याचा फायदा होतो, दिसण्याबद्दलचं समाधानही बऱ्याच जणांचं वाढतं. पण लपवायची सवय ऑपरेशन थिएटरमध्ये निघत नाही. ऑपरेशननंतर केस मोकळे सोडून व्रण झाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या युजिनी यांचं हे ऑपरेशन २००२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी झालं. २०१८ मध्ये लग्नात त्यांनी व्रण दिसावा म्हणून मुद्दाम मागून खोल गळ्याचा पोशाख घातला. तसं तू करायलाच हवं असं नाही. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, एवढंच मला त्यात महत्त्वाचं वाटतं. तुझ्यासाठी इतकंच: वाढ थांबल्यावर ३०च्या आतले बाक सहसा वाढत नाहीत, ५०च्या पुढचे वर्षाला साधारण एक अंश वाढू शकतात, तू मध्ये आहेस. म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतरानं एक्स-रे चुकवू नको. आणि 'मला माझं दिसणं खुपतं' हेही त्यांना तोंडानं सांग. ते फक्त दुखण्याबद्दल विचारतात म्हणून तू फक्त दुखण्याबद्दल सांगतेस, असं होऊ देऊ नको.

आईसाठी चार ओळी लिहिते, तिला वाचायला दे. ताई, दप्तर जड होतं, वाकडी झोपायची, पोक काढून बसायची, गरोदरपणात काही राहून गेलं, यातल्या कशानंही हा बाक येत नाही. वाढीच्या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं एक कारण सापडत नाही. घराण्यात चालत येण्याचा भाग असतो. तुमच्या मनातली टोचणी दिवसातून दहा वेळा 'सरळ बस' होऊन बाहेर पडते, आणि सांगून सरळ होणारा हा बाक नव्हे. तिला मात्र दहा वेळा आठवण होते. व्यायामाची वेळ सोडून हे दोन शब्द घरात बंद करा. 'देवानं दिलंय, मान्य कर' हे तुमच्यासाठी कदाचित आधाराचं असेल. तिला ते ऐकू येतं की यावर आता बोलायचं नाही. त्याऐवजी विचारा, 'आज कुणी काही बोललं का?' आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, उपाय सांगू नका.

लग्नाच्या वेळी सांगायचं का? हो. माझं मत यात ठाम आहे. बायोडेटात लिहू नये, पहिल्याच चहाच्या वेळीही नको, पण दोन्हीकडून होकाराकडं गाडी वळली की साखरपुड्याआधी स्पष्ट सांगावं. शक्यतो तू स्वतः त्या मुलाला सांगावंस, मध्यस्थाच्या तोंडून नको, कारण मध्यस्थ एक तर 'काहीच नाही हो' म्हणतो नाहीतर भलतंच काही सांगून बसतो. सांगायला फार नाही: वाढीच्या वयात बाक आला, ब्रेस झाला, आता इतके अंश आहे, डॉक्टरांचे रिपोर्ट हे. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मुलं होतील का? हो, अशा बाकामुळं सहसा गरोदरपणाला आडकाठी येत नाही. बाळंतपणात भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी कळवायचं. काम करता येईल का? अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या रुग्णांना ५० वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २००३ साली आला. त्यांच्यात पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याबद्दलची खंतही काहींना होती, पण नोकरी-संसार बहुतेकांनी इतरांसारखाच केला होता. एखादं स्थळ यावरून परत जाईलही. वाईट वाटेल. पण लपवून जमवलेल्या लग्नात पहिल्या दिवसापासून पाठ भिंतीला लावून झोपावं लागतं. असो, तू १९ची आहेस. हा प्रश्न आत्ता तुझा आहे की घरातल्या चर्चेतून आलाय, तेही एकदा बघ.

वहीचं काम तू एकटीनं करू शकतेस. पण झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कॉलेजला जाणं थांबत चाललं असेल, दिवसाचे कित्येक तास आरशात किंवा फोटो तपासण्यात जात असतील, तर एकटीनं नको, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठ. खासगी परवडत नसेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जगूच नये असं मनात येत असेल तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांग आणि १४४१६ ला फोन कर. ही केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिली बहीण. सख्ख्या भावंडात असेल तर शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक भावंडांना होत नाही. ती ११ वर्षांची आहे, म्हणजे उंची भराभर वाढायचं वय. तपासणीला हीच वेळ बरोबर. एकदा तुझ्याच डॉक्टरांना दाखवा. घरी बघायचं तर पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळहात एकमेकांना लावून तिला पुढं वाकायला सांगायचं आणि मागून पाठीच्या पातळीला डोळे आणून बघायचं. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडं न्यायचं, नाही दिसली तर उंची वाढायची थांबेपर्यंत साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. दर आठवड्याला वाकायला लावू नका. आणि बघायचं ते आईनं एकटीनं, दार लावून. आजी, आत्या आणि तू अशा सगळ्यांनी तिच्यामागं गोल करून उभं राहायचं नाही.